एका रेषेची वाट, दोन रेषांची वाट

पालकहो,

मुलाचा अठरावा वाढदिवस जवळ आला की पुण्यातल्या कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणाला एकच विषय असतो, गाडी. तुमच्या-माझ्या पिढीला लुना किंवा स्कूटर मिळाली तरी जग जिंकल्यासारखं वाटायचं. आता मुलांना हवी असते ती उंच, लांब शॉकअपची, बटण टायरची मोटरसायकल. डांबर संपलं तरी जिचा प्रवास संपत नाही, अशी. 2016 साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, 2019 साली हीरोची एक्सपल्स आली आणि कच्च्या रस्त्याची ही हौस मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली.

आमच्या घरी हा विषय दोन वर्षं चालला. मुलगा वीस वर्षांचा झाला, पक्का परवाना हातात आला, तेव्हा आम्ही गाडी घेतली. मी औक्षण केलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, हेल्मेट वापर म्हणून बजावलं. आपलं काम झालं असं त्या दिवशी वाटलं होतं. ते निम्मंच झालं होतं, हे पुढच्या आषाढात कळलं.

त्या रविवारी तो आणि त्याचे तीन मित्र पौडच्या पलीकडे गेले होते. संध्याकाळी चिखलाने माखून परतला, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. जेवताना त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. हिरव्यागार शेतातून चार गाड्या पाणी उडवत चालल्या आहेत, मुलं ओरडताहेत, मागे डोंगरावर ढग उतरले आहेत. दिसायला सुंदरच होतं. पण माझं माहेर भोरकडचं. भातखाचरात वाढलेल्या बाईला बांध ओळखायला वेळ लागत नाही. मी व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, "अरे, हा बांध आहे ना?"

"शेताच्या कडेचा रस्ता आहे आई. तिथून बैलही जातात."

व्हिडिओच्या शेवटी डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेली एक म्हातारी दिसत होती. दोन्ही हात वर करून हलवत होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. तो सहज म्हणाला, "त्या आजी आम्हाला टाटा करत होत्या."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघं आमच्या चारचाकीने तिथे गेलो. विचारत विचारत घर सापडलं. ओसरीवर आजी बसल्या होत्या. मुलगा पुढे होऊन म्हणाला, "आजी, मागच्या रविवारी गाडी घालणाऱ्यांत मीही होतो." आजींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आवं ताई, पोरं हायेत, हौस असनारच. पन बांध म्हंजी काय रस्ता न्हाई. बांध फुटला की खाचरातलं पानी जातं, अन् पान्यासंगं माती जाती. लावनी होऊन चारच दिस झालं हुतं. थांबा थांबा म्हनून हात हालवत हुते मी."

चाकांनी बांध तीन ठिकाणी खचला होता. आजी आणि त्यांची सून दोन दिवस दगड आणि चिखल रचत होत्या. एका ठिकाणचं काम अजून राहिलं होतं. मुलाने फावडं मागितलं. दुपारपर्यंत तो त्या बांधावर राबला. आजींनी त्याला चिखलाचा थर कसा दाबायचा ते दाखवलं. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता. चांदणी चौक आल्यावर म्हणाला, "आई, मला खरंच माहीत नव्हतं."

पालकहो, हेच वाक्य घेऊन मी आज तुमच्याशी बोलायला बसले आहे. तो खोटं बोलत नव्हता. त्याला क्लच-गिअर शिकवला होता, आरटीओच्या परीक्षेत इंग्रजी आठचा आकडा काढायला लावला होता, पण डांबर संपल्यावर जे जग सुरू होतं ते कुणाचं आहे, तिथे कसं वागायचं असतं, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. शाळेने सांगितलं नाही, शोरूमने सांगितलं नाही. आणि मी, जिला ते ठाऊक होतं, तिनेही सांगितलं नाही.

म्हणून सुरुवात वाटेपासून करू या. आपल्याकडे प्रत्येक महसुली गावाचा नकाशा असतो. त्यात वाटा दाखवलेल्या असतात. दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला तो गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीचा. एकेरी तुटक रेषेने दाखवलेला तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. गाडीमार्ग बैलगाडीसाठी, पायमार्ग माणसाच्या पावलांसाठी. आपल्या वाडवडिलांनी कोणती वाट कुणासाठी हे इतकं नीट ठरवून ठेवलं आहे. दोन शेतांमधून जाणारे पाणंद रस्ते आणि गावाच्या शिवेवरचे शिवरस्ते हेही गावाच्या रोजच्या वापरातले. बांधावरून जाण्याचा हक्क मिळतो तोही शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात पोहोचण्यासाठी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तो अर्ज तहसीलदाराकडे जातो. आपल्या रविवारच्या फेरीसाठी ते कलम नाही.

मुलाला एवढं जरी समजावलं तरी पुष्कळ झालं. दोन रेषांच्या वाटेवर, म्हणजे पाणंद, शिवरस्ता, धरणामागच्या गावांना जोडणारा कच्चा रस्ता, इथे गाडी हळू चालव, गावाचा पाहुणा म्हणून चालव. एका रेषेची वाट आली की गाडी लाव आणि चालत जा. शेताचा बांध, गडाची पायवाट, देवराई, पाण्याचा झरा, इथे चाक न्यायचंच नाही. वाट कोणती हे कळत नसेल तर भेटेल त्या माणसाला विचार, "काका, इथून गाडी नेली तर चालेल का?" हा एक प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मुळशीत, मावळात, पुरंदरात कुणी सहसा वाकडं बोलत नाही. बहुतेक वेळा चहाच मिळतो.

आता पुण्यातल्या टेकड्यांबद्दल. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती या आपल्या शहराच्या टेकड्या. 2023 साली वेताळ टेकडीवरून नेण्याच्या रस्त्याच्या आणि बोगद्यांच्या विरोधात आपल्यापैकी कितीतरी जण मुलाबाळांना घेऊन चालले होते. टेकडी वाचली पाहिजे असं त्या वेळी आपण एका आवाजात म्हणालो. मग आपल्याच घरातली गाडी पहाटे त्या टेकडीच्या चढावर घरघरत असेल, तर त्या चालण्याला काय अर्थ राहिला? पहाटे टेकडीवर सत्तरीचे आजोबा असतात, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा चालू लागलेल्या काकू असतात. वळणावरून अचानक समोर आलेली गाडी पाहून त्यांच्या छातीत काय होत असेल, याची कल्पना आपण मुलांना द्यायला हवी. टेकड्यांचे बरेच भाग वनखात्याचे आहेत आणि राखीव वनात विनापरवाना घुसणं हा भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणे गुन्हा आहे. अभयारण्यात शिरायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. हे सगळं आहेच. पण कायद्याच्या आधी त्या काकू डोळ्यांसमोर आल्या पाहिजेत.

मातीचंही मुलांना सांगायला हवं. मुलांना वाटतं, चाकाची रेघ पावसात पुसून जाईल. होतं उलटं. आपल्या डोंगरउतारावर काळ्या कातळावर मुरमाचा आणि मातीचा थर फार पातळ असतो. त्या थराला गवताच्या मुळांनी धरून ठेवलेलं असतं. चढावर बटण टायर जागेवर फिरलं की ते गवत मुळासकट निघतं आणि सरळ उताराच्या दिशेने एक चर पडतो. पुढचा पाऊस त्या चरातूनच वाहतो. पाणी वेग घेतं, चर खोल होतो, त्यात गाडी रुतायला लागली की मुलं शेजारून नवी रेघ काढतात. दोन-तीन पावसाळ्यांत एका रेघेची घळ होते आणि माती खालच्या ओढ्यात, शेतात जाऊन बसते. त्यातही वाईट म्हणजे मुलांना सर्वांत जास्त ओढ लागते ती पावसाळ्याची, आणि माती सर्वांत नाजूक असते ती तेव्हाच. ओल्या उतारावर गाडी न घालणं, आधीच्या चाकोरीतूनच जाणं, चढावर थ्रॉटल पिळून चाक फिरवत न बसणं, या तीन गोष्टी चांगल्या चालकाच्या खुणा आहेत. चाक न फिरू देता चढ चढायला खरं कौशल्य लागतं. हे मुलाला आव्हान म्हणून सांगा, त्याला ते पटेल.

सासवड, सुपे, दौंड, इंदापूरकडची माळरानं तर ओसाड दिसतात म्हणून मुलांना मोकळं मैदानच वाटतात. कागदोपत्रीही आपण कितीतरी वर्षं त्यांना पडीकच म्हणत आलो. पण त्या पिवळ्या गवतात लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीला घरटं असं नसतंच. चार खडे सारून केलेल्या खळग्यात मातीच्याच रंगाची अंडी असतात. टिटवीने अंडी कुठे घातली यावरून पाऊसमानाचा अंदाज बांधणारी म्हातारी माणसं आपल्या गावाकडे अजून आहेत. ती अंडी दोन पावलांवरून दिसत नाहीत, मग साठच्या वेगाने जाणाऱ्याला कुठून दिसणार? डोक्यावर घिरट्या घालत टिटवी ओरडायला लागली तर ती मुलांना सांगत असते, इथून जा. त्या आजींसारखीच.

या माळांवर धनगरांचे वाडे उतरलेले असतात. मेंढरं, घोडी, कोंबड्या, पाळण्यातलं मूल, सगळा संसार बरोबर. मेंढरांचा कळप समोर आला की मुलाने करायची गोष्ट एकच. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, कळप पूर्ण जाऊ द्यायचा. हॉर्न वाजवून कळप फुटला की कोकरं आयांपासून तुटतात आणि त्यांची गाठ घालून देण्यात त्या माणसाची संध्याकाळ जाते. बैलगाडी, गाभण गाय, डोक्यावर मोळी किंवा हंडा घेतलेली बाई, यांच्यासाठीही हाच नियम. इंजिन बंद करून थांबायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं देणाऱ्या मुलाला गाव लक्षात ठेवतं.

आवाजाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. सायलेन्सर बदलून घ्यायला मुलं पैसे साठवतात आणि आपण काणाडोळा करतो. गाडीत असे बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला आता शिक्षा आहे. आवाजाचे नियम मोडून गाडी चालवणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड होतो. पुण्यात वाहतूक पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेले आपण बातम्यांत पाहिले आहेत. पण दरीतल्या गावात आवाज किती लांब जातो ते शहरात कळत नाही. समोरच्या डोंगरावर आदळून तो परत येतो. तिथे कुणी आजारी असतं, गोठ्यात जनावर विणारं असतं, शाळेत तास चालू असतो. कंपनीने दिलेला सायलेन्सर गाडीवर राहील, ही अट आमच्या घरात आहे. तुमच्याही घरात असू द्या.

आता वयाचा मुद्दा, आणि इथे मी फक्त पालकांशीच बोलते आहे. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीच्या धडकेत मोटरसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. मोटार अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. आपण सगळे हळहळलो, चिडलो. पण त्यानंतरही सोसायटीतल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात चावी दिसतेच, आणि "गावाकडे तर आहे, तिथे कोण बघतंय" हे वाक्यही ऐकू येतंच. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199-अ आलं आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. सोळा ते अठरा या वयात कायदा परवानगी देतो ती फक्त 50 सीसीपर्यंतच्या इंजिनाची.

गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर हा कायदा लागू नाही असं समजू नका. कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही वाट, ती आरपार जाणारी असो वा नसो. म्हणजे पाणंदही आली, शिवरस्ताही आला. परवाना, विमा, हेल्मेट, नंबरप्लेट तिथेही लागतात. लहान मुलांसाठी मिळणाऱ्या, पासिंग नसलेल्या छोट्या डर्टबाइक फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी असतात. बारा वर्षांच्या लेकराला ती घेऊन दिलीत तर ट्रॅकवर न्या, शेजारी उभे राहा. गावच्या वाटेवर सोडू नका.

मी हौसेच्या विरोधात नाही, हे मनापासून सांगते. पुणे हे दुचाकींचं शहर आहे. आकुर्डीत आणि चाकणमध्ये त्या तयार होतात. जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची फेरी झाली आणि हजारो लोकांनी मातीच्या ट्रॅकवरच्या उड्या पाहिल्या. बेंगळुरूचा सी. एस. संतोष 2015 साली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. केरळच्या हरिथ नोआने 2024 मध्ये त्याच रॅलीत रॅली-2 गटात पहिला क्रमांक मिळवला. हा खरा खेळ आहे. त्यात तोल, दम, यंत्राची जाण आणि भीतीवर ताबा लागतो. पुण्याच्या आसपास खासगी जागेत ऑफरोड शिकवणारे प्रशिक्षक आहेत, ट्रॅक आहेत. फूटरेस्टवर उभं राहून गाडी कशी तोलायची, उतारावर कोणता ब्रेक किती दाबायचा, पडायचं कसं आणि पडलेली गाडी पाठ न दुखवता उचलायची कशी, हे तिथे दोन दिवसांत शिकवतात. वेग हवा असेल, उड्या हव्या असतील तर जागा ती. मुलाला गाडीवर लावायला महागडे दिवे घेऊन देण्यापेक्षा त्या दोन दिवसांची फी भरा. आम्ही उशिरा भरली, तुम्ही आधी भरा.

आणि तो निघाला की दारात उभं राहून विचारायच्या गोष्टी ठरवून टाका. हेल्मेट आयएसआयचं, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्याला गार्ड, हातमोजे. एकटा कधीच नाही. तिघं तरी असावेत, म्हणजे एक पडला तर एक जवळ थांबेल आणि एक मदत आणायला जाईल. धरणामागच्या दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून कोणत्या गावावरून जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघायचं. अंधार पडायच्या आत डांबरावर यायचं. रुग्णवाहिकेचा 108, पोलिसांचा 112 आणि वनखात्याचा 1926 हे क्रमांक फोनमध्येही हवेत आणि खिशातल्या चिठ्ठीवरही. प्लास्टिकची बाटली गावात टाकायची नाही, ओढ्यात गाडी धुवायची नाही. त्या ओढ्याच्या खालच्या अंगाला कुणाचं तरी पिण्याचं पाणी असतं.

व्हिडिओचंही बोला. मुलं आता जातात त्यात निम्मी ओढ व्हिडिओची असते, हे मी जवळून पाहिलं आहे. ओढा उडवला की लाइक मिळतात, थांबून कळप जाऊ दिला की मिळत नाहीत. म्हणून घरी परतल्यावर व्हिडिओ आपण बघायचा, आणि नुसतं कौतुक करून सोडून द्यायचं नाही. कुठे थांबलास? कोण भेटलं? कुणाला वाट विचारलीस? हे प्रश्न आपण दर वेळी विचारले की मुलगा आपल्याला सांगण्यासाठी का होईना, थांबायला शिकतो. पुढे ती त्याची सवय होते. मुलगी गाडी चालवत असेल तर तिच्याशीही हेच बोला, तितक्याच विश्वासाने.

आमचा मुलगा अजूनही जातो. त्या आजींच्या गावावरूनही जातो, पाणंदेने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. मागच्या लावणीला तो आणि त्याचे तिघे मित्र दिवसभर त्यांच्या खाचरात होते. कंबर धरून घरी आला आणि म्हणाला, "आई, एक बांध घालायला किती वेळ लागतो, माहीत आहे?" मला माहीत होतं. आता त्यालाही माहीत आहे.

पालकहो, मुलाच्या हातात चावी देताना एवढं एक त्याला सांगा. डांबर संपल्यावर कुणी हात वर करून हलवताना दिसलं, तर ते माणूस टाटा करत नसतं. ते 'थांब' म्हणत असतं. तिथे गाडी थांबव, इंजिन बंद कर, हेल्मेट काढ आणि ते काय म्हणतंय ते आधी ऐक.